साहेबाचा जिताडा

दिलेला मासा नेमका कोणत्या क्षणी लाच होतो? गळाला लागतो तेव्हा, बर्फात ठेवला जातो तेव्हा, की दुसऱ्याच्या हातात पडतो तेव्हा? २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या एका जहाजदुरुस्ती कंपनीच्या थंडगार खोलीत निशिकांत मोकल याला हाच प्रश्न अधिक कोरड्या शब्दांत विचारला गेला आणि तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ समोरच्यांनी आपल्या सोयीने लावला. निशिकांतने काही लपवले नव्हते. त्याच्याजवळ उत्तरच नव्हते. ते शोधण्यासाठी ही हकिगत लिहायला घेतली तरी उत्तर हाती लागत नाही. हकिगत तेवढी उरते.

निशिकांत त्या वर्षी चोपन्न वर्षांचा होता. बारा वर्षे त्याने मालवाहू जहाजांच्या इंजिनखोल्यांत काढली होती आणि पुढची अठरा सिंगापूरच्या किनाऱ्यावर, त्याच इंजिनांची आतडी उघडून पुन्हा बसवण्यात. सेंगकांगमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. घरात बायको मीनाक्षी आणि मुलगी किमया. किमयाचा जन्म इथला, शाळा इथली आणि रुसणे-भांडणेही इथल्याच भाषेत. तरीही या घराचा सगळा मुक्काम एका प्लास्टिकच्या कार्डावर उभा होता. कामाचा पास निशिकांतच्या नावाचा, तोही कंपनीने मागितला तरच मिळणारा. बायको-मुलीचे पास त्या पासाला गाईमागच्या वासरासारखे बांधलेले. कायम रहिवासी होण्यासाठी त्याने तीनदा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा एकाच मजकुराचे नकाराचे पत्र आले होते.

यंदा पास तीस सप्टेंबरला संपत होता आणि किमयाची बारावीच्या तोडीची शेवटची परीक्षा नोव्हेंबरात होती. मधल्या त्या काही आठवड्यांवर सगळ्या घराचा जीव टांगला होता. पाससाठी गुण मोजण्याची नवी पद्धत आल्यापासून कंपनीने हात आखडता घेतला होता; विभागातल्या चार परदेशी माणसांपैकी दोघांचेच अर्ज पुढे पाठवायचे, असे ठरले होते. ती दोन नावे विभागप्रमुख क्वेक निवडणार होता.

क्वेक म्हणजे अठरा वर्षांचा सोबती. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्वस्त गाळ्यांच्या बाजारात, दोघांचे टेबल ठरलेले. निशिकांतच्या डब्यातली तळलेली मिरची क्वेक न विचारता उचलायचा आणि डोळ्यांतून पाणी काढत खायचा. आता त्याच क्वेकच्या टेबलावर चार नावांचा कागद होता. आठवडाभर क्वेक त्याच्याशी हवापाण्याखेरीज काही बोलला नाही, आणि निशिकांतनेही विचारले नाही. विचारायचे नसते, हे तो गावाकडून शिकून आला होता.

पेण तालुक्यातल्या खारेपाटात, जिथे समुद्राला मातीच्या बांधाने थोपवून भात पिकवतात, तिथे पुष्कळ घरांमागे एक तळे असते. खाडीतून धरलेली जिताड्याची पिल्ले त्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षे वाढू द्यायची. लहान मासा घरात खपतो, मधला बाजारात जातो. सर्वांत मोठा जिताडा मात्र विकत नाहीत. तो द्यायचा असतो. जावयाला, अडलेल्या बाळंतपणाला धावून आलेल्या डॉक्टरला, आणि ज्याच्या सहीवाचून काम अडले आहे त्या साहेबाला. देण्याचेही शास्त्र आहे. मासा स्वतः धरलेला हवा. बाजारातला दिला तर घेणाऱ्याचा अपमान. तो खवले न काढता, आख्खा द्यायचा. कचेरीत न नेता घरी न्यायचा, आणि देताना कामाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत कडक. काम बोलून दाखवले की मासा तिथेच नासला, असे निशिकांतचे वडील म्हणत. त्याच वडिलांनी, बांधाला खांड पडून शेतात खारे पाणी घुसले त्या वर्षी, एका साहेबाच्या घरी सात किलोचा जिताडा पोचवला होता. साहेबाने दारातच मासा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, “गेल्या वर्षीचा मोठा होता.” बांध दुरुस्त झाला, वडील मात्र त्या रात्री जेवले नाहीत. निशिकांतने ही आठवण वगळून शास्त्र तेवढे जवळ ठेवले होते.

“अहो, श्रावणात मासा? डोकं ठिकाणावर आहे ना?” त्याचा बेत ऐकून मीनाक्षी म्हणाली.

“आपल्याला कुठं खायचाय? क्वेकला द्यायचाय.”

“मग मार्केटातून आणा. साफ करून, पिशवीत घालून देतात.”

“विकतचा जिताडा देतं का कुणी? तू पण खारेपाटातलीच ना?”

“मी खारेपाटातली आहे. तो क्वेक नाही.”

लॅपटॉपमागून किमयाने मान वर केली. “बाबा, प्लीज लाह. ही इज युअर बॉस. सो ऑकवर्ड.”

“अगं, अठरा वर्षांचा मित्र आहे माझा.”

“देन गिव्ह आफ्टर. व्हाय मस्ट नाऊ?”

निशिकांत हसला. पोरगी लाजते आहे, इतकेच त्याला कळले. इथल्या शाळेत वाढलेल्या मुलीला जी गोष्ट पाढ्यांइतकी पाठ होती, ती तिच्या बापाने लाज म्हणून बाजूला सारली.

नारळी पौर्णिमा सोमवारी होऊन गेली होती. तेवीस ऑगस्टच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने काठी, रबरी मासोळ्यांची डबी आणि थर्माकोलची पेटी सायकलला बांधली आणि घरापासून वीस मिनिटांवरचा जलाशय गाठला. हा जलाशय पूर्वी खाडी होता. तिच्या तोंडाशी बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवले गेले; आत अडकलेले जिताडे गोड्या पाण्यात तसेच जगले, वाढले. निशिकांतला ही जागा परकी वाटत नसे. काठावर नियमांचा फलक होता. जिवंत आमिष चालणार नाही, ठरलेल्या हद्दीबाहेर गळ टाकायचा नाही, कचरा टाकायचा नाही. पाठ असूनही तो दरवेळी हा फलक नीट वाचायचा. गावात जिताड्याला जिवंत कोळंबी लावतात, आणि रबराच्या मासोळीवर त्याचा विश्वास नव्हता. पण अठरा वर्षांत त्याने या देशाचा एकही लिहिलेला नियम मोडला नव्हता.

सोबतीला प्रबोध आला होता. पुण्याचा, चाळिशीच्या अलीकडचा, बुओना व्हिस्टाच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. त्याला रहिवासाचा कायम परवाना पहिल्याच अर्जात मिळाला होता आणि मासेमारीतले ओ की ठो कळत नव्हते. तो गप्पांसाठी यायचा, इथे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळते ती कॉफी घेऊन.

चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू होता. येताना प्रत्येक इमारतीच्या तळाशी लोखंडी पिंपांत कागद जळत होते, फुटपाथच्या कडेला संत्री आणि मेणबत्त्या मांडलेल्या होत्या. एरवी शुक्रवारी या काठावर दहा-बारा म्हातारे खुर्च्या टाकून बसलेले असत. आज एकही नव्हता. या महिन्यात रात्री पाण्याजवळ कुणी फिरकत नाही.

“काका, चिटपाखरू नाही इथं. सगळे भुतांना घाबरून घरी बसलेत,” प्रबोध म्हणाला.

“बरं झालं. जिताड्याला आवाज खपत नाही.”

“हसू नका. नरकाचं दार उघडतं म्हणे. महिनाभर मोकाट फिरतात.”

“नशीबवान आहेत लेकाची. दरवर्षी महिनाभराचा पास, तोही अर्ज न करता.”

प्रबोध इतका हसला की पिशवीतली कॉफी त्याच्या बुटावर सांडली. मग पुसता पुसता त्याने विचारले, “पण श्रावणात कुणासाठी चाललाय हा खटाटोप?”

“साहेबाला द्यायचाय. क्वेकला.”

“भारी! एकदम ऑथेंटिक कोकण.”

निशिकांतने गळ पाण्यात टाकला, सावकाश ओढून घेतला, पुन्हा टाकला. “तू मॅनेजर आहेस म्हणून विचारतो. कंपन्यांत चालतं ना रे असं?”

प्रबोधचे डोळे फोनवर होते. “मासाच तर आहे, काका. सोन्याचं घड्याळ देताय का?”

निशिकांतला हेच ऐकायचे होते, म्हणून त्याने पुन्हा विचारले नाही.

साडेदहाच्या सुमाराला पलीकडच्या इमारतींमागून लालसर चंद्र वर आला. धक्क्याच्या खांबांची सावली पाण्यावर पडली आणि निशिकांतने त्या सावलीच्या कडेने रबरी मासोळी नेली. मोठा जिताडा उजेडात येत नाही. अंधाराच्या उंबऱ्यावर तोंड करून थांबतो. तिसऱ्या फेरीला पाण्याने गपकन आवंढा गिळल्यासारखा आवाज झाला आणि काठी वाकली. पुढची दहा मिनिटे मासा आणि माणूस यांच्याखेरीज जगात काही राहिले नाही. मासा हवेत उसळला, डोके झटकून गळ फेकायला पाहू लागला. निशिकांतने काठी खाली नेऊन दोर सैल दिला, मासा पाण्यात पडताच पुन्हा ताणला. त्या दहा मिनिटांत त्याला पास आठवला नाही, क्वेक आठवला नाही, किमयाची परीक्षाही आठवली नाही. त्याच्या अलीकडच्या आयुष्यात अशी दहा मिनिटे दुसरी नव्हती.

मासा काठाला आला तेव्हा प्रबोधने फोनचा उजेड धरला. जिताड्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटले. कल्ल्याखाली हात घालताना त्याच्या कडेने निशिकांतचा तळवा चिरला आणि रक्त खवल्यांवर ओघळले. पाच किलोंच्या आसपास भरेल, त्याने मनात तोलले. लगेच दुसरा विचार आला, की क्वेकला हा पहिलाच, त्यामुळे तुलना करायला मागचा नाही. हा विचार त्याला त्या वेळी लाजिरवाणा वाटला नाही.

“काका, हसा. फोटो!” प्रबोध म्हणाला.

मीनाक्षीने मासा फ्रिजमध्ये ठेवू दिला नाही. रात्रभर तो थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर, दाराबाहेर राहिला. शनिवारी सकाळी निशिकांतने इस्त्रीचा शर्ट घातला आणि पेटी घेऊन सेम्बावांगला क्वेकच्या घरी गेला.

दार क्वेकच्या म्हाताऱ्या आईने उघडले. पेटीतला मासा पाहून ती आपल्या भाषेत काहीतरी चढ्या आवाजात बोलली आणि दारातच आडवी उभी राहिली. क्वेक बनियनवरच बाहेर आला. त्याने ओशाळून समजावले, की या महिन्यात रात्री पाण्यातून काढलेली वस्तू आई घरात घेऊ देत नाही. म्हातारी माणसे, मनावर घेऊ नकोस. मग बाहेरच्या सामाईक गॅलरीत उभा राहून त्याने दोन्ही हातांनी पेटी घेतली.

“एवढा मोठा! तू धरलास?”

“हो. तुझ्यासाठी.”

क्वेक माशाकडे पाहत राहिला, मग निशिकांतच्या तळव्यावरच्या पट्टीकडे. “थँक यू, निशी,” तो म्हणाला. एवढेच. निशिकांतने कामाचा शब्द काढला नाही. वडिलांनी घालून दिलेली रीत त्याने तसूभरही चुकवली नव्हती. परतताना एमआरटी मेट्रोत त्याला डुलकी लागली. कित्येक आठवड्यांनी अशी निर्धास्त.

सोमवारी अकरा वाजता त्याला बोलावणे आले. खोलीत मनुष्यबळ विभागाची एक तरुण अधिकारी आणि बाहेरून बोलावलेला एक गृहस्थ होता. टेबलावर तीच थर्माकोलची पेटी होती. आत मासा दगडासारखा गोठला होता. क्वेकने सकाळी आठ वाजता स्वतःहून ती जमा केली होती आणि लेखी कळवले होते.

आपल्याकडे अशी रीत आहे, हे निशिकांतने सांगितले. मैत्रीखातर दिला, हेही सांगितले. अधिकारी मुलगी सभ्यपणे ऐकून घेत होती. मग तिने एक छापील कागद पुढे सरकवला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फोटो, मासा उचलून हसणारा निशिकांत, आणि खाली प्रबोधने लिहिलेली ओळ, सोबत तिचे इंग्रजी भाषांतर: “काकांचा जिताडा, खास साहेबांसाठी! आता रिन्यूअल पक्कं!” ग्रुपमध्ये दोनशे माणसे होती, कागद कुणाकडून आला, हे तिने सांगितले नाही. जो शब्द निशिकांतने जिभेवर येऊ दिला नव्हता, तो दुसऱ्याने शुक्रवारी रात्रीच दोनशे जणांना वाटून टाकला होता.

“हा मासा तुम्ही पकडलात, त्या वेळी तुमच्या मनात काय होते?” बाहेरच्या गृहस्थाने विचारले.

त्या वेळी काहीच नव्हते, हे खरे होते. आधी होते, नंतरही होते, हेही खरे होते.

भेट परत मिळाल्याच्या पावतीवर त्याची सही घेण्यात आली. खारेपाटात दिलेला जिताडा परत येत नाही. आलाच, तर दोन घरांतले बोलणे संपले असे समजतात.

सुटीच्या वेळी क्वेक गेटापाशी उभा होता. सिगारेट पेटवायची विसरून तिच्याकडे पाहत होता.

“मला कळवावंच लागलं, निशी. मी कळवलं नसतं आणि तो फोटो बाहेर आला असता, तर माझं काय झालं असतं?”

“मी तुझ्याकडे काही मागितलं होतं?”

“नाही. म्हणूनच तर!” क्वेकचा आवाज चढला. “जूनमध्ये दिला असतास तर शिजवून खाल्ला असता, तुला जेवायला बोलावलं असतं. याच आठवड्यात का?”

निशिकांतने पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तुझं नाव मी गुरुवारीच वर पाठवलं होतं,” क्वेक म्हणाला. “पहिलं नाव. आता ते मागे घ्यायला लावलंय.”

तो मासा घरात शिजणार नव्हता. श्रावण संपायला आठवडा होता, आणि संपला असता तरी मीनाक्षीने त्याला हात लावला नसता. जलाशयाकाठी काही टाकायला बंदी. अकराव्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या नळीचे झाकण निशिकांतने उघडले आणि मासा आत ढकलला. तो भिंतींवर आपटत खाली जात असताना प्रत्येक मजल्याचा आवाज वेगळा येत होता.

चौकशीत लाच सिद्ध झाली नाही. तसे कंपनीचे दोन ओळींचे पत्रही आले; त्याच पत्राच्या तिसऱ्या ओळीत पासचा अर्ज करणार नसल्याचे कळवले होते. तीस सप्टेंबरनंतर आवराआवरीसाठी त्यांना तीस दिवस मिळाले. किमयाच्या शाळेने एक वाट सुचवली. तिच्यासाठी विद्यार्थी म्हणून वेगळा पास मागता येईल. मात्र इथला नागरिक किंवा कायम रहिवासी तिची हमी घेणारा हवा, आणि अर्जाला वेळ लागतो. मंडळातल्या एकाने फोन उचलला नाही. दुसऱ्याने “ते लाचेचं प्रकरण तुमचंच ना?” असे विचारून दिलगिरी व्यक्त केली. राहिला प्रबोध.

तो आपल्या कॉन्डोच्या लॉबीत खाली भेटायला आला. वर या, म्हणाला नाही.

“काका, दुसरं काहीही सांगा. पण सही आत्ता नको. आमचा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. बायको तर म्हणते, चौकशी झालेल्या माणसाच्या कागदावर आपलं नावच नको.”

“चौकशीत कागद तुझाच होता, प्रबोध.”

“अहो, जोक होता तो!”

“मला कळला होता. भाषांतर करणाऱ्याला कळला नाही.”

प्रबोधने लिफ्टचे बटण दाबले. “चार-पाच महिन्यांनी या ना. तेव्हा नक्की करतो सही.” लिफ्ट आली. आत जाताना त्याने हात जोडले, देवळातून निघताना जोडतात तसे.

घरी किमया अभ्यासाच्या टेबलाशी होती. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले. वह्यांची चळत सरळ केली, पेनांना टोपणे लावली आणि म्हणाली, “ठीक आहे, बाबा.” ती त्याच्याशी मराठीत क्वचितच बोलत असे. तिने आदळआपट करावी, ‘आय टोल्ड यू लाह’ म्हणावे, अशी निशिकांतला फार इच्छा झाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि पाणी प्यायली.

तिघांनी २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सिंगापूर सोडले. शेवटची परीक्षा हुकल्याने हाती दहावीच्या तोडीचेच प्रमाणपत्र होते; ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, किमया मोकल पनवेलच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या वर्गात दाखल झाली.